चारशे चिमटे

एप्रिल संपत आला की मी कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे विकत आणते. थोडेथोडके नाही, चारशे. आमच्या गल्लीत दोरीवर कपडे घालणारं एकही घर नाही, सगळ्यांकडे ड्रायर. पहिल्या वर्षी दुकानातल्या बाईंनी आधी चिमट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही न विचारता पैसे घेतले. विचारायचं काम नानांनी, माझ्या वडिलांनी, केलं. व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे टेबलावरचा ढीग दिसला तसा निफाडहून प्रश्न आला, "ताई, वॉशिंग मशीन बिघडलं का गं?"

"चेरीच्या झाडांना लावायचेत."

नाना थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "कुठं?"

नानांचं अख्खं आयुष्य द्राक्षात गेलं. एप्रिलची खरड छाटणी नव्या काडीसाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी, मधल्या काळात फेलफूट आणि बगलफूट, म्हणजे नको त्या फुटी, काढणं, शेंडा मारणं, विरळणी. आमच्या घरात कात्री देवघरातल्या घंटीसारखी ठरलेल्या खुंटीवर असायची आणि ती तिथे नसली तर घरातलं वातावरण बिघडायचं. मी मात्र संगणकाकडे वळले आणि फिरत फिरत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात येऊन पडले. हे व्हाइट हाउसवालं वॉशिंग्टन नव्हे, पार पश्चिमेकडचं. त्यातही सिएटलची रिपरिप डोंगरापलीकडेच थांबते; अलीकडे, यकिमा नदीच्या खोऱ्यात, वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. धरणाचं पाणी आणि कालवे नसते तर इथे नुसतं करडं झुडूप उगवलं असतं. कालवे आहेत म्हणून सफरचंद, हॉप्स, द्राक्षं आणि चेरी. मी रिचलंडला राहते. अर्ध्या तासावर प्रॉसर गाव आहे आणि गावाबाहेर एका सत्तरीच्या बाईंची चेरीची बाग. शनिवार-रविवार मी तिथे असते. पगार नाही, पण जूनमध्ये चेरीची खोकी मिळतात आणि वर्षभर बोलणी.

तर चिमटे. चेरीला मुळात आभाळात जायची घाई असते. मोकळं सोडलं तर झाड सरळ वर जातं, दर वर्षी शेंड्याजवळ चार-पाच फांद्यांचा झुबका काढतं, पुन्हा वर जातं, आणि दोन झुबक्यांच्या मध्ये नुसतं खोड. ज्या फांद्या निघतात त्याही सशाच्या कानांसारख्या, खोडाला चिकटून उभ्या. अशा अरुंद बेचक्यात साल आत दबली जाते आणि पुढे फळाचं ओझं आलं की फांदी तिथूनच चिरते. शिवाय उभ्या फांदीला आपण दुसरं खोड आहोत असं वाटू लागतं. ती लाकूड वाढवते, फळाचं नाव काढत नाही. म्हणून नवी फूट बोटभर झाली, अजून देठासारखी लुसलुशीत आहे, तेवढ्यात तिच्या अगदी वर खोडाला चिमटा लावायचा. चिमट्याच्या पायाखाली फूट आडवी होते. दोन-तीन आठवड्यांत तिचं बूड लाकडाळतं आणि चिमटा काढला तरी ती तशीच राहते. पंधरा दिवस उशीर झाला तर ती वाकत नाही, मोडते. मग पुढच्या वर्षी दोरी, वजन, नाहीतर करवत.

हे सगळं ऐकून नाना म्हणाले, "म्हंजी वाकवली की माज उतरतो तिचा."

पुस्तकात हेच ऑक्सिन वगैरे शब्दांत लिहिलेलं असतं. शेंड्यात एक रस तयार होतो, तो खाली उतरतो आणि खालच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून फूट निघते त्या गाठींना, झोपवून ठेवतो. फांदी आडवी केली की शेंड्याचा हा दरारा कमी होतो. काही डोळे तरीही उठत नाहीत. त्यांच्यासाठी वसंताच्या तोंडावर, डोळे फुगायला लागले की, डोळ्याच्या चिमूटभर वर करवतीच्या पात्याने सालीला आडवी चीर द्यायची. वरून येणारा निरोप चिरेशी अडतो आणि खालचा डोळा मोकळा होऊन फुटतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझा विश्वास नव्हता. तीन आठवड्यांनी जाऊन पाहिलं तर जिथे जिथे चीर, तिथे तिथे हिरवी चोच.

ही अक्कल मला दोन झाडं वाया घालवून आली आहे.

इथे घर घेतलं त्या वर्षी मार्चमध्ये मागच्या अंगणात मी चेरीची दोन रोपं लावली. रोप म्हणजे छातीएवढी सरळ काठी. आता मी निफाडची. नव्या झाडाला पहिलं काय करायचं हे मला कोणी सांगायची गरज होती का? रिकट. द्राक्षाचं कलम भरलं की नवी काडी दोन-चार डोळ्यांवर कापून टाकायची, म्हणजे खालून जोमदार फूट येते आणि तिचं खोड करता येतं. लहानपणापासून पाहिलेलं. मी दोन्ही काठ्या गुडघ्याच्या उंचीवर खटाखट कापल्या. बाहेर भुरभुर पाऊस होता. त्या पावसाचं मला कौतुकच वाटलं, कारण इथे पाऊस म्हणजे पाहुणा.

जूनपर्यंत कापाच्या लगेच खालून चार-चार फुटी उठल्या. सगळ्या उभ्या, एकमेकींना चिकटून, खराट्यासारख्या. मी खूश. पुढच्या वसंतात एका झाडाच्या कापाजवळ साल काळपट, खोलगट झाली आणि तिथून तांबूस डिंक ओघळू लागला. बाभळीचा डिंक असतो तसाच, उन्हात चमकणारा. फूल आलं आणि आठवड्याभरात त्या बाजूच्या फुटी पाना-फुलांसकट वाळल्या. दुसरं झाड जगलं, पण त्याचा खराटाच राहिला. खाली काही नाही, वर गर्दी.

बागेच्या मालकीणबाईंशी ओळख झाली ती या डिंकामुळे. शनिवारच्या बाजारात त्या चेरी विकायला बसल्या होत्या. मी फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "पावसात कापलंस?"

जिवाणू. स्यूडोमोनास त्याचं नाव. तो झाडावर असतोच, पावसाच्या थेंबाबरोबर उडतो आणि ताज्या जखमेतून आत शिरतो. म्हणून इथे चेरीला कात्री लावायची ती कोरड्या हवेत, हवामानाचा अंदाज बघून, आणि शक्य असेल तितकी छाटणी काढणीनंतर, उन्हाळ्यात. थंडीत कापायची वेळ आलीच तर खोडाशी सपाट काप घ्यायचा नाही, वीतभर खुंट ठेवायचा. रोग शिरलाच तर खुंटात अडकेल, खोडाला पोचणार नाही.

"असं कापायला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"वडिलांनी."

"ते चेरी लावतात?"

"द्राक्षं."

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारचा मधवाला वळून बघायला लागला. "शनिवारी ये," म्हणाल्या.

पुढे कळलं की माझा काप तसा चुकीचाही नव्हता. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यात लोक चेरीला गुडघ्याशीच कापतात. फुटलेल्या फांद्या पुन्हा कापतात, मग पुन्हा, आणि बुटकं झुडूप तयार करतात. ऑस्ट्रेलियातल्या किम ग्रीन नावाच्या बागायतदाराने त्याच पद्धतीचं आणखी सोपं रूप केलं. वीस-पंचवीस उभ्या फांद्या आणि त्यांवर फळ, बाकी काही नाही. त्याला इथे नुसतं केजीबी म्हणतात, त्यातला जी ग्रीनचा. मी एकदा कापून थांबले, तिथे चुकले. काप हा वाक्यातला पहिला शब्द असतो आणि मी तेवढ्यावरच वाक्य सोडून दिलं होतं. आणि पाऊस, अर्थातच.

मालकीणबाईंच्या बागेत तीन तुकडे आहेत आणि ते तीन वेगवेगळ्या काळात लावलेले आहेत. सगळ्यात जुना त्यांच्या सासऱ्यांच्या हातचा. बिंग जातीची झाडं, मॅझार्ड या जंगली चेरीच्या मुळावर, वीस फुटांवर एक. एकरात शंभरेक बसतात. एकेक झाड दुमजली घराएवढं. मधला तुकडा जिझेला खुंटावरचा, म्हणजे जिझेलाच्या मुळावर कलम केलेल्या निमुळत्या झाडांचा. माझे चिमटे इथले. आणि तिसरा, सगळ्यात नवा, ज्याच्याबद्दल पुढे सांगते, कारण त्याने नानांना गप्प केलं.

जिझेला हे बाईचं नाव वाटतं, पण ते जर्मनीतल्या गीसेन गावावरून आलंय. तिथल्या विद्यापीठात आंबट चेरी आणि दुसऱ्या रानटी चेरींच्या संकरातून हे खुंट निघाले. आपल्याकडे द्राक्षाला डॉगरिजचं मूळ आलं तेव्हा खारट पाणी आणि कोरड यांचा प्रश्न होता. इथला प्रश्न उंचीचा होता. मॅझार्डवरची चेरी फळावर यायला सहा-सात वर्षं घेते आणि तोवर ती शिडीच्याही वर गेलेली असते. त्यातल्या 'जिझेला पाच' या खुंटावरचं झाड निम्म्याएवढंच होतं आणि तिसऱ्या वर्षी फळ दाखवतं. सोनं मिळाल्यासारखं लोकांनी ते लावलं आणि मग तोंडघशी पडले, कारण हे बुटकं झाड इतकं फळतं की सगळी चेरी वाटाण्याएवढी.

इथे चेरीचा आकार 'रो'मध्ये मोजतात. जुन्या काळी लाकडी खोक्यात वरचा थर ओळीने लावत, एका ओळीत किती फळं बसतात तो आकडा. त्यामुळे हिशेब उलटा: आकडा लहान तितकं फळ मोठं. दहा रो म्हणजे साधारण २७ मिलिमीटर, नऊ रो म्हणजे जवळजवळ ३०. बाराच्या चेरीला कोणी विचारत नाही. नानांना हे एका मिनिटात कळलं. अठरा एमएमच्या मण्यासाठी त्यांनीही घडातले मणी कात्रीच्या टोकाने खुडत हिवाळे काढलेत. पण द्राक्षाची विरळणी हाताने होते. चेरीची एकेक फळाची विरळणी करायची तर मजुरीत बाग विकावी लागेल. म्हणून इथे छाटणी हीच विरळणी. पुढच्या जूनचं फळ फेब्रुवारीत कात्रीने मोजायचं. एका फळामागे चार-पाच चांगली पानं हवीत, असा इथला ढोबळ हिशेब. पानं कमी पडतील असं दिसलं तर फुलाच्या जागा आधीच काढून टाकायच्या, किंवा वर्षाच्या काडीचा शेंड्याकडचा तिसरा हिस्सा उडवायचा, कारण शेंड्याजवळ डोळे दाटीने असतात आणि पुढे फळांची गर्दी तिथेच होते.

फेब्रुवारीत निफाडला तोड चालू असते. कंटेनर, पॅकहाउस, रेसिड्यूचे रिपोर्ट. नानांचा फोन दोन मिनिटांच्या वर नसतो. इथे तेव्हा बागेत कडाक्याची थंडी, बोटं बधिर. अशाच एका सकाळी मालकीणबाईंनी मला दोन वर्षांच्या फांदीवरचा एक स्पर तोडून दिला. स्पर म्हणजे करंगळीच्या पेराएवढं गाठाळ बोटकं. त्याच्या टोकाला सहा-सात डोळ्यांचा गुच्छ, बाजूचे गुबगुबीत आणि मधला एक सडपातळ, टोकदार. दाढीच्या पात्याने त्यांनी एक गुबगुबीत डोळा उभा चिरला आणि भिंग दिलं. आत हिरवट, मोहरीपेक्षा लहान तीन कळ्या, देठासकट, एकमेकींना पाठ लावून. मग टोकदार डोळा चिरला. आत नुसती पानं, घड्या घातलेली.

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख पडलं. नानाही ऑक्टोबर छाटणीआधी काड्या तपासायला पाठवतात. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यात घड आहे का, कितव्या डोळ्यात आहे, ते बघतात आणि त्यावरून काडी किती डोळ्यांवर कापायची ते ठरतं. पण द्राक्षाचा डोळा म्हणजे एकत्र कुटुंब. त्यात काडीही आहे, पानंही, घडही, आणि मुख्य फूट गारपिटीत गेली तर मागे राखीव फुटीही असतात. चेरीच्या फुलाच्या डोळ्यात फक्त फूल. एकदा फुलला, फळ दिलं, संपला. त्या जागेवरून पुन्हा कधी काही फुटत नाही. टोकाचा तो सडपातळ डोळा दर वर्षी स्परला दोन मिलिमीटर पुढे नेतो आणि नवे डोळे धरतो, तोवर स्पर जिवंत. तो सावलीत गेला की काही वर्षांत मरतो आणि फांदी तिथे कायमची बोडकी. जुन्या बिंगच्या झाडांखाली उभं राहून वर पाहिलं तर हेच दिसतं: माणसाच्या हाताला येईल तिथे नुसतं लाकूड, आणि फळ पार वर, जिथे ऊन आहे.

द्राक्ष विसरभोळं आहे. या वर्षी चुकीचं कापलं तरी पुढच्या एप्रिलला ते कोऱ्या पाटीने समोर येतं. चेरीच्या अंगावर चूक वर्षानुवर्षं दिसत राहते, त्यामुळे तिच्यासमोर उभं राहिलं की कात्री आधी खिशातच असावी आणि हात मागे.

गेल्या जूनमध्ये नाना आले. भावाने सांगितलं, खरड छाटणीच्या काड्यांचं मी बघतो, तुम्ही जा एकदा. विमानातून उतरल्यावर दोन दिवस ते झोपले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला उठून बूट घालून बसले. चेरीची तोड उजाडण्याआधीच सुरू होते. दुपारच्या उन्हात फळ मऊ पडतं, म्हणून अकरा-बाराला सगळं आवरतं.

बागेत मुकादम भेटला. मेक्सिकोतल्या मिचोआकानचा, पन्नाशीचा, या बागेत पंचवीस वर्षं. नानांना इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही आणि माझं स्पॅनिश भाजीबाजारापुरतं. पहिल्या पाच मिनिटांतच त्याने नानांची चूक पकडली. नानांनी फळ हातात धरून खाली ओढलं. दांडी आली आणि दांडीबरोबर स्परही मोडून आला. मुकादमाने तो तुकडा नानांच्या तळहातावर ठेवला, त्यावरचे टाचणीच्या डोक्याएवढे कोवळे डोळे दाखवले, बोटाने "एक" अशी खूण केली आणि ते बोट भविष्याच्या दिशेने, म्हणजे डोंगराकडे, फिरवलं. पुढच्या वर्षीचं फळ. मग स्वतः करून दाखवलं: दांडी चिमटीत धरायची, मनगट वर वळवायचं, टक्. दांडीसकट, पण स्परसकट नाही.

नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर चांगला आहे."

तिसऱ्या तुकड्यात आम्ही दुपारी गेलो. या पद्धतीचं नाव यूएफओ. उडत्या तबकडीशी संबंध नाही. 'अपराइट फ्रूटिंग ऑफशूट्स' याची ती आद्याक्षरं, आणि ती निघाली इथेच, प्रॉसरच्या विद्यापीठ संशोधन केंद्रात, मॅथ्यू व्हायटिंग यांच्या कामातून. रोप शेंडा न मारता तिरपं लावायचं आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या तारेला आडवं बांधायचं. आडव्या झालेल्या खोडाच्या वरच्या अंगाने जे डोळे फुटतील ते वीतभर अंतरावर एक असे सरळ वर जाऊ द्यायचे, वरच्या तारांना बांधत. खालच्या अंगाचे डोळे अंगठ्याने पुसून टाकायचे. उभ्या फांद्यांना बाजूने फाटे फुटले तर तेही काढायचे. फळ फक्त उभ्या फांद्यांवर, खालपासून वरपर्यंत स्परवर. बाजूने पाहिलं तर बाग जाडीला हातभरसुद्धा नाही. हिरवी-लाल भिंत, आणि भिंतीतून पलीकडचा माणूस दिसतो.

नाना ओळीच्या तोंडाशी उभे राहिले. टोपी काढली, परत घातली. खाली वाकून आडव्या खोडावरून हात फिरवत दहा-बारा पावलं गेले.

"हा ओलांडा आहे," ते म्हणाले. "आपलाच ओलांडा आहे हा."

आणि खरंच, दुसरं काय आहे ते? द्राक्षाचंही खोड असंच तारेवर आडवं नेतात, तोच ओलांडा; त्यावर मालकाड्या, म्हणजे फळाच्या काड्या, बगलफूट काढलेली. त्यानंतर तासभर त्यांना काही समजावून सांगायची गरज पडली नाही, उलट तेच विचारत सुटले. सगळ्यात जाड फांदी दर वर्षी खुंटावर का कापता, हे त्यांनी विचारलं नाही. "जाड काडी माल देत नाही, उजेड खाते," हे त्यांनी मुकादमाला मराठीत सांगितलं आणि त्याने मान डोलावली. नानांची शंका वेगळी होती. आम्ही सगळ्या काड्या दर वर्षी नव्या करतो, तुम्ही झाडामागे एक-दोनच. का? मुकादमाने पाची बोटं दाखवली आणि एकेक मिटली. पाच-सहा वर्षांत सगळी बाग नवी होते, पण एकाही वर्षी फळ बुडत नाही. स्परला तयार व्हायला वेळ लागतो, ते द्राक्षासारखं सहा महिन्यांत भागत नाही.

त्या दिवशी नाना दोन स्पॅनिश शब्द शिकले. तिहेरास, म्हणजे कात्री. आणि लूस, म्हणजे उजेड. मुकादम प्रत्येक वाक्यात लूस म्हणत होता.

संध्याकाळी आम्ही जुन्या बिंगखाली बसलो होतो. तिथे अजून तीन पायांच्या उंच शिड्या लागतात. मुकादमाचं डावं मनगट पूर्ण वळत नाही. तरुणपणी दुसऱ्या एका बागेत तो अशाच शिडीवरून पडला होता. बुटक्या भिंतीसारख्या बागा का आल्या याची उत्तरं परिसंवादात उजेड, आकार, लवकर उत्पन्न अशी येतात, आणि ती खरीही आहेत. पण माझं मत विचाराल तर झाडाचा आकार शेवटी तोडणाऱ्या हातांवरून ठरतो. हात मिळेनासे झाले, शिडीवर चढणारे म्हातारे झाले, तसं झाड खाली उतरलं. मुकादम यावर हसला. म्हणाला, झाडं बुटकी झाली तसा तोडणीचा डब्यामागचा दरही बुटका झाला. नानांना मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. आमच्याकडे छाटणीला सुरगाणा-पेठकडच्या टोळ्या येतात, उचल घेऊन. त्यांची नावं नानांना पाठ आहेत, पण बागेच्या कुठल्या कागदावर ती नाहीत.

त्यावरून मी त्यांना बिंगची गोष्ट सांगितली. १८४७ साली हेंडरसन लुएलिंग नावाचा माणूस बैलगाड्यांत माती भरून सुमारे सातशे रोपं घेऊन आयोवाहून ओरेगॉनला आला. त्याचा भाऊ सेथ याची पुढे मिलवॉकी गावी रोपवाटिका झाली आणि १८७५ मध्ये तिथे ही काळीभोर चेरी निघाली. सेथकडे चीनहून आलेला एक मुकादम होता, आह बिंग. सहा फुटांहून उंच होता म्हणतात. झाड त्याच्या देखरेखीखालचं, म्हणून नाव त्याचं. १८८९ मध्ये तो घरच्यांना भेटायला चीनला गेला. तोपर्यंत चिनी मजुरांना बंदी करणारा १८८२ चा कायदा आलेला होता. त्याला परत येता आलं नाही. अमेरिकेत आज सगळ्यात ओळखीची चेरी कुठली, तर बिंग.

"आमच्याकडं तास-ए-गणेश द्राक्षाच्या नावामधी तासगावच्या आर्व्यांचं एक अक्षर राहिलं," नाना म्हणाले. "ह्याचं अख्खं नाव राहिलं." थोड्या वेळाने पुन्हा, "पण माणसाला घेतला नाही."

मुकादमाने काय म्हणाले असं विचारलं. मला ते स्पॅनिशमध्ये नीट सांगता आलं नाही.

त्या मुक्कामात एकदा पाऊसही झाला, तोडणी अर्धी राहिलेली असताना. पिकलेल्या चेरीवर पाणी साचलं की साल ते शोषते आणि फळ देठाच्या खळग्याशी तडकतं. तासाभरात शेजारच्या बागेवर हेलिकॉप्टर आलं आणि झाडांच्या डोक्यावरून रांगत रांगत पंख्याच्या वाऱ्याने पाणी झटकू लागलं. नानांनी गारपीट, अवकाळी, डाऊनी रोग सगळं पाहिलंय, पण हे नाही. ते अंगणात उभे राहून बघत होते. "तासाला किती घेतो तो?" मी आकडा सांगितला. "मंग झाडंच कापा त्यापेक्षा," म्हणाले आणि आत येऊन चहा मागितला.

ऑगस्टमध्ये, परत जायच्या आधीच्या रविवारी, मुकादमाने त्यांच्या हातात कात्री दिली. उन्हाळी छाटणी चालू होती. हवा कोरडी ठणठणीत, पुढचे दहा दिवस ढग नाही. नव्या तुकड्यातलं एक झाड, आठ उभ्या फांद्या, त्यातली डावीकडून तिसरी मनगटाएवढी. तीच कापायची हे उघड होतं. तरी नानांनी लगेच कात्री लावली नाही. भर दुपार होती. ते झाडाच्या सावलीच्या बाजूला उकिडवे बसले आणि जमिनीकडे बघत राहिले. मला हे बसणं माहीत होतं. लहानपणी मांडवाखाली ते असेच बसायचे, पाचोळ्यावर पडलेले कवडसे बघत. कवडसे फार असले तर पान कमी, नसले तर पान जास्त. मग उठले, करवत मागितली (कात्री त्या जाडीला पुरली नसती), आणि आडव्या खोडापासून वीतभर वर, तिरपा काप घेतला, पाणी निथळून जाईल असा. फांदी बाजूला ठेवली. परत उकिडवे बसून कवडसे पाहिले.

"आता बरं पडलं," म्हणाले.

या एप्रिलमध्ये त्या खुंटावरून दोन फुटी आल्या. एक कापाच्या अगदी टोकाशी, सरळ, अंगठ्यासारखी. दुसरी जरा खालून, बारीक, तिरकी. मुकादमाने मला बोलावून विचारलं, तुझ्या वडिलांच्या झाडाचं काय करायचं, कुठली ठेवायची? मी फोटो काढून निफाडला पाठवला. तिकडे रात्र होती. खरडीचे दिवस, दिवसभर बागेत उभं राहून थकलेले असणार, उत्तर सकाळी येईल असं धरून मी मधल्या तुकड्यात चिमटे लावायला गेले.

दहा मिनिटांत आवाजी निरोप आला. मागे कुठेतरी मोटार चालू होती.

"ताई, फोटोत काय कळत नाही बघ. बुडाचा काढला तू. दुपारी परत जा आणि जमिनीचा काढ. लूस कुठनं येतोय ते दिसू दे."